खोक्यातला घडीचा कागद

वाचक विचारतात. या वेळी उत्तरं देत आहेत मिरजेहून इंग्लंडला गेलेल्या आणि गेली अठरा वर्षं तिथल्या औषधाच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या एक फार्मासिस्ट.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या रेडिंगला असतो. मुलगी इथल्या तेराव्या इयत्तेत, म्हणजे आपल्या बारावीला आहे. ए-लेव्हलला केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि मॅथ्स घेतलंय. एम.फार्म.साठी, म्हणजे इथल्या फार्मसीच्या चार वर्षांच्या पहिल्याच पदवीसाठी, पाच ठिकाणी अर्ज केला, दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलंय. तेव्हापासून घरात पुस्तकांचा ढीग लागलाय. फार्माकॉलॉजीचं एक जाडजूड पुस्तक तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाचं आहे. तिचे बाबा म्हणतात, शंभर औषधांची नावं आणि उपयोग पाठ कर. परवा शाळेत सराव मुलाखत झाली. 'अलीकडे काय वाचलंस?' एवढंच विचारलं आणि हिची बोबडी वळली. नेमकं काय वाचायला द्यायचं हिला? माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, त्या म्हणतात, 'पोरीला आधी झोपू द्या.' खाली लेकीनंही दोन ओळी लिहिल्यात, मराठी बोलते पण लिहिते रोमन लिपीत, तेवढं सांभाळून घ्या.
— एक आई, रेडिंग

(मुलीच्या ओळी, देवनागरीत करून : 'मावशी, त्यांनी असं काही विचारलं की ज्याचं उत्तर मला माहीतच नाही, तर काय करू? गप्प बसू की काहीतरी बोलू?')

उत्तर : सासूबाईंचं ऐका. आणि ते जाडजूड पुस्तक परत करता येत असेल तर करून टाका. जे ती चार वर्षांत शिकणार आहे ते आधीच येतं का, हे बघायला मुलाखत नसते.

आता मुलीशीच बोलते.

तुझ्या आजीच्या गोळ्या कुठं आहेत? फ्रीजवरच्या डब्यात असतील, किंवा बिस्किटाच्या जुन्या टिनमध्ये. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आजीचा असा टिन असतो. तो उघड. साताऱ्याहून आणलेल्या स्ट्रिप्स निघतील, बहुधा कात्रीनं कापलेल्या, कारण आपल्याकडे मेडिकलवाला दहाची स्ट्रिप कापून सहा गोळ्याही देतो. कापताना नेमकं नाव अर्धं जातं किंवा मुदतीची तारीख जाते. ते एक बघून ठेव. मग इथल्या घरातलं एखादं औषधाचं खोकं घे. आत घडी घालून कोंबलेला कागद असतो, सगळे सरळ कचऱ्यात टाकतात तो. तुझं पहिलं पुस्तक ते. इथं तो कागद खोक्यात असणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि २००५ पासून कंपनीला तो साध्या माणसांकडून वाचून घेऊन, त्यांना कळतो का हे तपासावं लागतं. म्हणजे कुणीतरी मुद्दाम तुझ्या आजीला कळावं म्हणून लिहिलेला मजकूर आहे. मुलाखत घेणाऱ्यांना तू हेच करताना दिसायला हवीस : अवघड गोष्ट, समोरच्याला कळेल अशी.

समज आजीला रक्तदाबासाठी अ‍ॅमलोडिपिन आहे. आपल्याकडच्या निम्म्या आज्यांना असतं. त्याचा इथला कागद नेटवरही मिळतो. वाच. पावलं आणि घोटे सुजणं हा त्यातला नेहमी आढळणारा दुष्परिणाम. ग्रेपफ्रूट खाऊ नका, त्याचा रस पिऊ नका, असंही लिहिलेलं सापडेल. आता कागद खाली ठेव आणि आजीच्या पायांकडे बघ. सुजलेत? आजी म्हणेल, 'विमानात बसून बसून झालं गं.' इथं तुझं वाचन संपतं आणि फार्मसी सुरू होते. तू काय विचारशील? कधीपासून? दोन्ही पाय की एकच? पोटरी दुखते का, गरम लागते का? दोन्ही घोटे हळूहळू सुजलेत तर गोळीकडे बोट दाखवता येईल, डॉक्टरांना सांगून बदलता येईल, घाबरायचं कारण नाही. पण लांबच्या विमानप्रवासानंतर एकच पाय सुजून दुखत असेल, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. मग उद्याची अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, आजच दाखवायचं. आणि काही झालं तरी 'आजी, गोळी बंद कर' असं आपल्या मनानं सांगायचं नाही.

'अलीकडे काय वाचलंस?' या प्रश्नाला एवढं उत्तर पुरे आहे. दोन मिनिटांचं होतं ते. शंभर नावं पाठ करणाऱ्या मुलाकडे असली दोन मिनिटं नसतात.

हे मी आगाऊपणानं सांगत नाही, माझंच सांगते. २००६ साली मी इथं परदेशी फार्मासिस्टांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम संपवून ट्रेनिंगच्या जागेसाठी मुलाखत द्यायला गेले. तयारी काय केली होती? ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी, म्हणजे इथल्या औषधांची सहा महिन्यांनी नवी होणारी मार्गदर्शिका, तिचं श्वसनाचं प्रकरण जवळजवळ तोंडपाठ. मिरजेला बी.फार्म.ला पाठांतरावर वर्गात पहिली येत होते, तोच रिवाज. समोरच्या बाईंनी विचारलं, 'काउंटरवर एक बाई आल्यात, खोकल्याचं औषध मागतायत. तुम्ही काय कराल?' मी सुरू झाले. कोरडा खोकला, ओला खोकला, कोडीन, म्हणजे खोकला दाबणारं अफूच्या जातीचं औषध, कुठं बसतं, मेंदूत काय करतं, सगळं. चारेक मिनिटं अखंड. थांबले तेव्हा बाई म्हणाल्या, 'औषध कुणासाठी हवंय, हे विचारलंत का तुम्ही?' औषध त्यांच्या तीन वर्षांच्या मुलासाठी होतं. ती जागा मला मिळाली नाही, आणि मिळायला नको होती.

तेव्हा 'कुणासाठी?' हा प्रश्न प्रत्येक वाचनाच्या डोक्यावर लिहून ठेव. (तेच कोडीनचं खोकल्याचं पातळ औषध २०२४ मध्ये इथल्या नियामकांनी फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेऊन ठेवलं, कारण लोक त्याचा नशेसाठी वापर करत होते आणि व्यसन लागत होतं. 'अलीकडची बातमी' म्हणून हे चांगलं आहे, पण त्याच वेळी हेही बोलता आलं पाहिजे : चिठ्ठी नसताना कुणी येऊन तेच मागू लागलं, तर तू त्याला कसं नाही म्हणशील, की तो चिडून जाणार नाही आणि लाजूनही जाणार नाही?)

आता त्या घडीच्या कागदाच्या शेवटाकडे जा. तिथं एक ओळ असते : दुष्परिणाम जाणवला तर यलो कार्डावर कळवा. हे पिवळं कार्ड १९६४ साली सुरू झालं. का, हे शोध. थॅलिडोमाइड सापडेल. ब्रिटनमध्ये ते १९५८ पासून विकलं जात होतं, गरोदर बायकांना मळमळीवर देत, सुरक्षित म्हणून. हातपाय अपुरे असलेली बाळं जन्माला येऊ लागली तेव्हा १९६१ च्या अखेरीस ते काढून घेतलं गेलं. तोवर कुठल्या डॉक्टरला काय दिसलं हे एका जागी गोळा करण्याची सोयच नव्हती. बघ, आजीच्या टिनपासून निघालीस आणि औषधांच्या सुरक्षेच्या इतिहासात पोचलीस, तेही पुस्तक विकत न घेता. आणि हे कार्ड फक्त डॉक्टरांसाठी नाही. आजीच्या सुजलेल्या घोट्यांबद्दल तू स्वतःही भरू शकतेस.

अपघातांबद्दल जरूर वाच. एकच, पण नीट. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना २००७ चं एक प्रकरण वाचायला देते. इंग्लंडमध्ये एका वयस्क बाईंना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यायचं होतं, खोक्यातून गेलं प्रोप्रॅनोलॉल, हृदयाचे ठोके मंद करणारं औषध. दोन्ही 'प्र'नं सुरू, शेल्फवर जवळजवळ. त्या बाई पुढे वारल्या. या चुकीबद्दल फार्मासिस्टला २००९ मध्ये तीन महिन्यांची स्थगित कैद झाली, अपिलात ती जाऊन दंडावर आलं. त्यानंतर वर्षानुवर्षं वाद चालला : साधी चूक म्हणजे गुन्हा का? चूक कबूल केली तर तुरुंग असेल, तर कोण कबूल करील? २०१८ मध्ये कायदा बदलला आणि अनवधानानं झालेल्या चुकीसाठी फार्मासिस्टला बचाव मिळाला. यावर तुला तुझं मत असायला हवं. मी स्वतः त्या बदलाच्या बाजूची आहे, पण एकदा एका मुलानं माझ्याशी उलट बाजूनं भांडण काढलं, 'पेशंटचं काय?' म्हणाला, आणि तो मला आवडला. मत कुठलंही चालेल. 'दोन्ही बाजूंना तथ्य आहे' एवढं म्हणून गप्प बसणं चालत नाही.

इथं एक छोटं कागदपत्र उपयोगी पडेल : जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलची, म्हणजे इथल्या फार्मासिस्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची, व्यावसायिकांसाठीची नऊ मानकं, २०१७ ची. फुकट मिळतं. पाठ करू नकोस, नऊच्या नऊ क्रमानं म्हणून दाखवणारी मुलं ऐकून परीक्षक कंटाळलेले असतात. त्यातली दोन उचल : गोपनीयता, आणि चूक दिसली तर बोलणं. मग तुझ्याच आयुष्यात घालून बघ. समज तू शनिवारी फार्मसीत काम करतेस. गणपतीत ओळख झालेल्या एक मावशी येतात आणि हसत विचारतात, 'आत्ता ती अमकी गेली ना, काय घेऊन गेली गं?' त्या मावशी तुझ्या आईच्या मैत्रीण आहेत. रविवारी घरी जेवायला येणार आहेत. आता बोल. आपल्या लोकांत 'कसली गोळी चालू आहे?' हा 'जेवलात का?'सारखा प्रश्न असतो. हे तुझ्या वर्गातल्या इंग्रज मुलीला कळणार नाही, तुला कळतं. ते वापर.

इथल्या व्यवस्थेबद्दल दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली, फार्मसी फर्स्ट. ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमधला फार्मासिस्ट सात तक्रारींवर, गरज असेल तर अँटिबायोटिकसकट, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ शकतो : सायनसायटिस, घसादुखी, कानदुखी, किडा चावून झालेला संसर्ग, इम्पेटिगो नावाचा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि बायकांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. प्रत्येकाला वयाची अट आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गाला १६ ते ६४. ही अट का असावी, एवढा एकच प्रश्न धरून एक संध्याकाळ वाच. लहान मुलीत, पासष्टीपुढच्या बाईत किंवा पुरुषात तेच लक्षण वेगळं का धरतात, हे कळलं की बाकी सहांचं तर्कशास्त्र आपोआप उलगडतं. आणि लक्षात ठेव, ही इंग्लंडची गोष्ट. तुझी एखादी मुलाखत कार्डिफला किंवा ग्लासगोला असेल तर तिथली व्यवस्था वेगळी आहे. प्रिस्क्रिप्शनचे पैसेसुद्धा फक्त इंग्लंडमध्येच घेतात. वेल्समध्ये जाऊन इंग्लंडचे दर सांगणारी मुलं असतात, विश्वास ठेव.

दुसरी, जी तुझी पिढी बदलणार आहे : २०२६ पासून इथं नव्यानं नोंदणी होणाऱ्या फार्मासिस्टांना पहिल्या दिवसापासून स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार. आम्हाला तो वेगळा अभ्यासक्रम करून मिळवावा लागला. 'फार्मसीच का, मेडिसिन का नाही?' असं विचारलं, आणि विचारतातच, तर 'मेडिसिनला नंबर लागला नसता' हे खरं असलं तरी उत्तर नाही. औषध लिहून देण्याचा अधिकार हाती आल्यावर नेमकं काय बदलतं, जोखीम कुणाची, यावर विचार करून ठेव.

गणित. याला कॅल्क्युलेटर मिळेलच असं नाही. एक उदाहरण घे : नऊ वर्षांच्या मुलाला अमॉक्सिसिलिन, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. पातळ औषध ५ मिलीत २५० मिलिग्रॅम आहे, बाटली १०० मिलीची. एका वेळी १० मिली, दिवसाला ३०, सात दिवसांचे २१०. इथं थांबलीस तर गणित बरोबर आणि काम चूक. बाटल्या तीन लागतील, तिसरीतून फक्त १० मिली वापरलं जाईल, बाकी टाकायचं. आणि हे पाण्यात कालवलेलं औषध टिकतं किती? बऱ्याच बाटल्यांवर सात दिवस लिहिलेलं असतं. म्हणजे बाटली कधी कालवायची हाही गणिताचाच भाग झाला. आईला सांगायचं की नाही, उरलेलं 'पुढच्या वेळेसाठी' फ्रीजमध्ये ठेवू नका? सांगायचं. आपल्याकडे ठेवतात. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम मात्र डोळे मिटून यायला हवेत. थायरॉईडची गोळी १२५ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१२५ मिलिग्रॅम. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, आणि 'मायक्रो'चं आखूड रूप कुणी 'मिलि' वाचलं तर हजारपट, म्हणून इथं मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहायचा नियम आहे.

आणि तुझा प्रश्न, उत्तर माहीत नसेल तर. गप्प बसू नकोस आणि काहीतरी ठोकूही नकोस. 'मला माहीत नाही, पण मी असा विचार करीन' म्हण, आणि खरंच मोठ्यानं विचार कर. सराव असा करता येईल : आज टेस्को सुपरमार्केटात जा, पॅरासिटामॉलची तीन पाकिटं ट्रॉलीत टाक. बिलाच्या काउंटरवरची मुलगी बहुधा तिसरं काढून ठेवील. का? तुला माहीत नसेल. घरी येईपर्यंत तर्क कर. पाकिटात १६ च गोळ्या का, आणि फार्मसीत ३२ चं पाकीट कसं मिळतं? मग वाच. १९९८ मध्ये पाकिटांचा आकार कमी केला, कारण लोक घरात पडलेल्या गोळ्या एका क्षणाच्या निराशेत गिळत होते, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत जातं. पाकिटं लहान झाल्यावर मृत्यू कमी झाल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. आधी तर्क, मग वाचन, या क्रमानं केलेलं विसरत नाही. शाळेत तुझी बोबडी वळली ती उलट क्रमामुळे.

मुलाखतीच्या आदल्या रात्री काहीही वाचायचं नाही. आजीशी पत्ते खेळ.

प्रश्न : सौ. ताईंस सप्रेम नमस्कार. माझं कराडात मेडिकल होतं, अडतीस वर्षं चालवलं, आता मुलानं दुसरा धंदा धरला. थोरल्या मुलाची मुलगी लेस्टरला असते, तिला फार्मसीला जायचंय आणि त्यासाठी तोंडी परीक्षा आहे म्हणे. माझ्याकडे डी.फार्म.च्या वेळच्या चार वह्या आहेत, सुवाच्य अक्षरात. मिश्रणं करायच्या रीती, मलमं, सगळं आहे. त्या कुरिअरनं पाठवाव्यात का? की आमचं ज्ञान तिकडे जुनं ठरतं?
— एक आजोबा, कराड

उत्तर : काका, वह्या पाठवू नका. जुनं ज्ञान म्हणून नव्हे. खल-बत्त्यात मलम कसं घोटायचं हे इथल्या मुलांना आता क्वचितच करायला मिळतं, आणि तुमचं अक्षर मला बघायला आवडलं असतं. पण नातीला मुलाखतीत वह्यांचा उपयोग नाही. तुमचा आहे.

'माझे आजोबा केमिस्ट होते' हे वाक्य परीक्षक दिवसातून दहा वेळा ऐकतात, निम्मे विद्यार्थी त्याच घरांतले असतात, गुजराती, पंजाबी, आपले. वाक्य तिथंच संपलं तर पोकळ. तेव्हा रविवारी व्हिडिओ कॉल लावा आणि तिला एक गोष्ट सांगा, एकच : तुम्ही कुणाला काय द्यायला नकार दिलात, ती. अडतीस वर्षांत दिला असणारच. झोपेच्या गोळ्यांसाठी आलेला ओळखीचा माणूस, चिठ्ठीवरची खाडाखोड, 'डॉक्टरांनी सांगितलंय हो, चिठ्ठी घरी राहिली.' तुम्हाला तेव्हा काय वाटलं, गिऱ्हाईक तुटलं का, घरी आल्यावर काकूंना काय सांगितलंत. तिनं प्रश्न विचारावेत, तुम्ही उत्तरं द्यावीत. हे तिचं वाचन.

आणि १९८६ आठवतंय ना? जे. जे. मधलं ग्लिसरीन. तुमचं दुकान तेव्हा चालू असणार, तुमच्याही शेल्फावर ग्लिसरीनच्या बाटल्या असतील. उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन निघालं आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. मी तेव्हा शाळेत होते, पण पुढे बी.फार्म.ला आमच्या सरांनी तो सगळा तास यावरच घेतला होता. नातीला हे सांगा, आणि मग तिला म्हणा, अमेरिकेत १९३७ साली काय झालं ते तू शोध. तेच विष, सल्फानिलामाइडच्या पातळ औषधात, शंभराहून अधिक माणसं गेली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना औषधांचा नवा कायदा करावा लागला. पुढे २०२२ मध्ये गांबियात लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांत पुन्हा तेच. मुंबईची बातमी तुमच्या तोंडून, बाकीचं तिनं वाचलेलं, असं जोडलं गेलं तर ते फक्त तिचं असेल, दुसऱ्या कुणाकडे असणार नाही.

एक काळजी घ्या. 'भारतात सगळं कसंही विकतात' असं तिथं बोलू नकोस म्हणावं, आणि 'आमच्या आजोबांच्या काळी सगळं सोन्यासारखं' असंही नको. आपल्याकडे शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या, औषधाच्या स्ट्रिपवर तांबडी रेघ कशासाठी असते, आणि तरी काउंटरवर काय होतं, हे ती तुमच्याकडून समजून घेऊन प्रामाणिकपणे बोलली तर पुरे.

वह्या जपून ठेवा. पहिल्या वर्षाला गेली की मागेल.

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला बारावी सायन्सला आहे. बी.फार्म.च्या इंटरव्ह्यूची तयारी कोणत्या पुस्तकातून करू?
— एक विद्यार्थी

उत्तर : अरे, तुझ्याकडे इंटरव्ह्यूच नाही. महाराष्ट्रात बी.फार्म.चा प्रवेश सीईटीच्या गुणांवर आणि कॅप राउंडनं, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांतून होतो. सहा वर्षांच्या फार्म.डी.चा विचार असला तरी आधी सीईटीच. तेव्हा बारावीची केमिस्ट्री नीट कर, विशेषतः ऑरगॅनिक, बाकी सगळं नंतर. तुझ्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मात्र एक महिना संध्याकाळी उभा राहा, मालकांना विचारून. गोळ्या देऊ नकोस, फक्त लोक काय विचारतात ते ऐक आणि रात्री एका पानावर लिही. पुढे इंग्लंडला यायचं झालं तर बी.फार्म.नंतर परदेशी फार्मासिस्टांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, मग ५२ आठवड्यांचं ट्रेनिंग, मग नोंदणीची परीक्षा. तेव्हा मुलाखत येईल, आणि ती पानं बाहेर काढ.

प्रश्न : ताई, मुलाखत ऑनलाइन आहे. समोर टिपणं चिकटवून ठेवली तर चालतील का? डोळे हलले तर कळतं का?
— एक विद्यार्थिनी, स्लाऊ

उत्तर : कळतं. मी अशा दोन-तीन मुलाखतींत बाजूला बसले आहे. नजर डावीकडे गेली की वाक्य एकदम पुस्तकी होतं, आवाजही बदलतो. एक कोरा कागद आणि पेन ठेव, गणितासाठी. ते विचारून ठेवलंस तर कुणी हरकत घेत नाही. भिंतीवर काही चिकटवायचंच असेल तर एकच शब्द मोठ्या अक्षरात चिकटव, बरोबर कॅमेऱ्याच्या वर : 'कुणासाठी?'